दुसरी हाक

ताईला न्यायला मी डिसेंबरच्या अकरा तारखेला गावी पोचले, तेव्हा ती छपरावर होती. एकाहत्तर वर्षांची बाई, हातात फावडं, कमरेला दोर. बर्फ अजून वीतभरसुद्धा पडलं नव्हतं, पण पुढच्या आठवड्याचं काम या आठवड्यात उरकायची आमच्या तोयोताईला जन्माची खोड.

"आधी खाली उतर!" मी गाडीतूनच ओरडले.

"हळू गं. शेजारी काय म्हणतील?" ती वरून म्हणाली आणि स्वतःच हसली.

शेजारी होते कुठे? आमच्या लहानपणी या तोचिकुबो गावात चौतीस घरं होती. आता तीन उरलीत, आणि त्यातल्या एका घरात माणूस फक्त लावणीच्या दिवसांत येतं.

गेल्या फेब्रुवारीत ती याच छपरावरून घसरली होती. कमरेपर्यंत बर्फात रुतली आणि दोन तास तशीच बसून राहिली. टपालवाला आला म्हणून वाचली. फोनवर मला सांगताना म्हणते कशी, "ऊन मात्र छान पडलं होतं हं." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. सेनदाईत माझं घर आहे. खाली चाळीस वर्षं चालवलेलं केस कापायचं दुकान, वर दोन खोल्या रिकाम्या. नवरा गेला, मुलगा ओसाकाला. ताईने तर लग्नच केलं नाही. दोघी बहिणींनी दोन टोकांना एकेकटीपुरता भात शिजवायचा, याला काही अर्थ आहे का? या खेपेला तिला गाडीत घालूनच आणायचं, नाहीच ऐकलं तर मुटकुळं बांधून, असं ठरवून मी निघाले होते.

"उद्या बारा तारीख," चुलीपाशी बसल्यावर ताई म्हणाली. "उद्याचं होऊ दे. मग बघू."

"मग बघू नाही. उद्या दुपारी निघायचं. परवापासून मोठं बर्फ सांगितलंय."

"मग बघू."

"दरवर्षी तू हेच म्हणतेस, ताई."

"आणि दरवर्षी तू हेच विचारतेस. चहा घे, निवतोय."

बारा डिसेंबर हा आमच्याकडे झाडं मोजायचा दिवस. डोंगराची देवी वर्षातून एकदा आपली झाडं मोजायला निघते. त्या दिवशी डोंगरात कुणी पाऊल टाकायचं नाही. टाकलंत आणि तिच्या नजरेला पडलात, तर ती तुम्हालाही झाड म्हणून मोजते. तिने मोजलं की मोजलं, तुम्ही झाडच. ही आमची देवी रूपाने बेताचीच आणि भारी मत्सरी. म्हणून लाकूडतोडे तिच्यापुढे समुद्रातला कुरूपातला कुरूप मासा वाळवून ठेवतात, की बघ बाई, तुझ्याहून वाईट तोंड जगात आहे. मला लहानपणापासून ती देवी आपल्यातली वाटायची.

बारा हा तिचा आकडा. बाराव्या महिन्याची बारा तारीख, चिकट भात कांडून केलेल्या मोचीचे बारा गोळे. गावाच्या वर, जिथे शेतं संपून रान सुरू होतं, तिथे दोन देवदारांना भाताच्या पेंढ्याची दोरी बांधलेली असते. गोळे तिथे ठेवायचे. दोरीच्या अलीकडे आपण, पलीकडे ती.

आणि दोरीपासून अर्ध्या तासाच्या चढावर होतं खिडकीचं झाड. जुनं, जाडजूड ओक. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याचं खोड दुभंगलेलं आणि डोक्याच्या वर जाऊन पुन्हा एक झालेलं. मध्ये माणूस वाकून जाईल एवढी फट. अशा झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. ते देवीचं जायचं-यायचं दार. आमच्याकडच्या जुन्या गोष्टींत झाड बहुतेक वेळा दारच असतं. कुणी ढोलीत डुलकी काढतो आणि उठून येतो तर गावात ओळखीचं कुणी नाही. कुणी पाइनखाली पावसाला थांबतो आणि पलीकडच्यांच्या लग्नात जेवून येतो. शाळेत मास्तर शिकवायचे की झाडं हवा शुद्ध करतात. ते आम्ही घोकलं, मार्कही मिळवले, पण भीती बाळगली ती दाराचीच.

आमचे आबा, जिनपाची, लाकूडतोडे. बोलण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. संध्याकाळी कुऱ्हाड परजता परजता ते सांगायला लागायचे.

"माझ्या आजोबांच्या वेळचा एक जण. त्याच्या डोक्याचं फडकं वाऱ्याने उडालं ते थेट त्या खिडकीतून पलीकडे. आत जायची छाती नाही, म्हणून नुसता हात घातला, कोपरापर्यंत. फडकं घेतलं, हात बाहेर काढला. बघतो तर माणूस पंचविशीचा आणि हात ऐंशीचा! सुरकुत्या, डाग, थरथर, सगळं."

"मग?" आम्ही दोघी.

"मग काय. झोपताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवला तर ती किंचाळली, 'मामंजी, तुम्ही इकडे कुठे?'"

"पोरींसमोर काय बोलता!" आई आतून.

आबा मान खाली घालून कुऱ्हाडीच्या पात्याकडे बघत हसायचे. ते हसू मला अजून दिसतं. दुकानात एखाद्या म्हाताऱ्याच्या मानेवरचे केस कापत असते, तो मान खाली घालून कशालातरी हसतो, आणि माझी कात्री थांबते.

डोंगरात हाक मारायची ती दोनदा, हेही आबांनीच शिकवलं. "तोयो, तोयो." "ओ जिनपाची, ओ जिनपाची." माणूस दोनदा हाक मारतो. पलीकडच्यांना एकदाच मारता येते, दुसऱ्यांदा त्यांना आवाज फुटत नाही. म्हणून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. कान झाकायचे आणि मागे न बघता घर गाठायचं. ओ दिली की गेलात. फोन उचलून सगळा देश "मोशी मोशी" असं दोनदा म्हणतो तेही याचमुळे, असं आबांचं म्हणणं. तेव्हा गावात एकही फोन नव्हता, पण आबांचं मत तयार होतं.

आई आम्हाला जेवायला बोलवायची तेही दोनदा. संध्याकाळी चौतीस घरांतून चौतीस आया दोनदोनदा हाका मारायच्या आणि पोरं उतारावरून धडपडत खाली यायची. कुणाला कुणाची हाक, हे आवाजावरूनच कळायचं. आता तिथे उभं राहिलं की ओढा तेवढा ऐकू येतो. मला विचाराल तर गाव म्हणजे घरं नव्हेतच, गाव म्हणजे त्या हाका. घरं काय, अजून तीन उभी आहेत.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि आबांची लाडकी. तिला ते खिडकीच्या झाडापर्यंत न्यायचे, पातं परजायला शिकवायचे, सालीवरून झाड ओळखायला लावायचे. मला एकदाच नेलं, सहा वर्षांची असताना. पानगळीचे दिवस होते. आमच्या बाजूचं रान लालपिवळं झालेलं. मी धावत पुढे गेले आणि खिडकीतून बघितलं, तर पलीकडे कोवळी हिरवी पालवी. आजही शपथेवर सांगेन. मी आत डोकं घातलंच होतं, तेवढ्यात आबांनी कमरेचा पट्टा धरून मला मागे खेचलं आणि थोबाडीत दिली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची. पुन्हा कधी नेलं नाही. ताई वर जायची आणि मी दोरीपाशी बसून गवत उपटायचे. "आबांना एकच मुलगी आहे," मी घरात सुनावायचे. "हो," आई म्हणायची, "आणि एक माकड आहे."

मग ते साल आलं. मी नऊची, ताई पंधराची. बारा डिसेंबर. सकाळी मोची कांडून झाली आणि आबांच्या लक्षात आलं की कोयती काल खिडकीच्या झाडापाशीच राहिली. देवीच्या मोजणीच्या दिवशी तिच्या दारात लोखंड पडून राहणं म्हणजे तिचा अपमान. ते आणायला जाणं म्हणजे मोजले जाणं. असल्या पेचात आमच्या गावाबाहेरचा माणूस सापडलाच नसता, त्याने सरळ नवी कोयती घेतली असती.

"ती बाई दुपारनंतर निघते," आबा म्हणाले. "मी जेवायच्या आत परत."

आई दारात आडवी उभी राहिली. "मासा ठेवा, माफी मागा, उद्या जा. पाया पडते."

"अगं, मला झाड करून ती काय करणार? वाकडंच उगवेन."

हे त्यांचं घरातलं शेवटचं वाक्य. आईला पुढे आयुष्यभर ते आठवून हसू यायचं, आणि हसून झालं की ती रडायची.

दुपार कलली तरी आबा आले नाहीत. बर्फ भुरभुरायला लागलं. आईने आम्हाला दोरीपर्यंत पाठवलं. "दोरी ओलांडलीत तर तंगडं मोडीन," असंही बजावलं. आम्ही दोघी दोरीपाशी उभ्या राहिलो. कितीतरी वेळ. माझे पाय बधिर झाले, नाक गळायला लागलं. आणि मग वरून हाक आली.

"तोयोऽऽ!"

आवाज आबांचाच. आम्ही श्वास रोखून दुसरीची वाट बघितली. दुसरी लगेच यायला हवी. ती आली नाही. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. शिकवलं होतं तसे तिने दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि डोळे मिटले. मी कान झाकले नाहीत. मला राग आला होता. इतका वेळ थंडीत मीही उभी होते, आणि हाक मात्र तोयोला. देवी काय मत्सर करेल असा मत्सर माझ्या पोटात होता. म्हणून मला दुसरीही ऐकू आली. उशिरा आलेली, पहिलीहून बारीक, पण स्वच्छ.

"तोयोऽऽ!"

दोनदा. म्हणजे माणसाची हाक. म्हणजे आबा जिवंत होते.

ताईने माझं मनगट धरलं आणि मला ओढत उतारावरून पळत सुटली. मी काही बोलले नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हाक तोयोला आहे, तोयोने काय ते बघावं.

घरी कुमाकिची आजोबा येऊन बसले होते. गावातले सगळ्यात जुने लाकूडतोडे, त्यांचा शब्द शेवटचा. ताईने कापत कापत सांगितलं, एकदाच हाक आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. ओ दिली नाहीस. स्वतः वाचलीस, धाकटीलाही वाचवलंस." मग आईकडे वळले. "इने, दोनदा हाक आली असती तर देवी आडवी आली असती तरी मी गेलो असतो. पण एकदा म्हणजे... उद्या उजाडू दे. उजाडताच जाऊ."

मी दाराआड उभी होते. मला कुणी विचारलंच नाही. धाकट्यांना कुणी विचारत नसतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी पुढे पंचवीसेक वर्षं स्वतःला समजावलं आणि मग सोडून दिलं. खरं एवढंच की सगळे ताईला गोंजारत होते. मी बोलले असते तर शाबासकी मिळालेल्या मुलीची चूक ठरली असती, आणि वाटभर गप्प राहिले ही माझी चूक त्याहून मोठी ठरली असती. आणि मला वाटलं, आबा येतीलच की. जेवायला तर येतील.

बर्फ तीन दिवस थांबलं नाही. चौथ्या दिवशी माणसं वर पोचली. कोयती खिडकीच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली होती. आबा नव्हते. बर्फ वितळल्यावर खालची घळ पाहिली, ओढा पाहिला. काही नाही. गाव म्हणालं, मोजले गेले. कुमाकिची आजोबांनी झाडाशेजारी ओकचं एक वाकडं रोपटं दाखवलं. ते म्हणे आधी नव्हतं. आई जिवंत असेतो त्या रोपट्यापाशी जायची, त्याला थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजायची आणि घरातली सगळी गाऱ्हाणी सांगायची. "ऐकून घेतात," म्हणायची. "पूर्वी मध्ये बोलायचे." मी अठराव्या वर्षी सेनदाईला पळाले. ताई राहिली.

तर या वर्षीच्या बारा तारखेला आम्ही दोघींनी सकाळी मोची कांडली. एक उखळात मोगरी मारणार, दुसरी मध्ये हात घालून गोळा उलटवणार. दोघींच्या मिळून चार गुडघ्यांपैकी एक धड. "तुझा हात चेचला तर दुकान बंद पडेल," ताई म्हणाली. "मग तुझी मान वाचेल, दरवेळी तुझे केस मीच कापते," मी म्हटलं. ती इतकी हसली की मोगरी खाली ठेवावी लागली. वाफाळलेल्या भाताचा तोच वास, बाहेर तेच करडं आभाळ. क्षणभर वाटलं, आता अंगणातून आबा म्हणतील, अरे, बाराच करताय? माझा तेरावा कुठाय? ताईलाही तेच वाटलं असावं. ती अंगणाकडे बघत होती.

दुपारी आम्ही दोरीपाशी गेलो. दोरी ताईनेच नवी वळून बांधलेली होती, आता दुसरं आहे कोण? बारा गोळे ठेवले, मासा ठेवला, नमस्कार केला.

"चल," मी म्हटलं. "गाडीत सामान भरू."

"तू हो पुढे. मी थांबते."

"थांबते म्हणजे?"

"अंधार पडेतो. दरवर्षी थांबते."

"कशाला?"

ताई वर रानाकडे बघत राहिली. "हाक आली तर ओ द्यायला."

"वेड लागलंय का तुला?"

"एकदाच आली तरी देणार आहे. नेलं तर नेलं. झाड झाले तर निदान छपरावर चढायला नको." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "मित्सु, त्या दिवशी आबा जिवंत असले तर? पाय अडकला असेल, छातीवर ओंडका असेल. एका हाकेपुरताच दम उरला असेल. आणि मी कान दाबून उभी. लोक शाबास म्हणाले. छप्पन्न वर्षं मी ती शाबासकी गिळतेय, ती खाली उतरत नाही. तू म्हणतेस सेनदाईला चल. तिथे मला हाक कशी ऐकू येईल?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती हट्टी आहे म्हणून जात नाही. लग्न केलं नाही तेही हट्टीपणानेच, असं मी चारचौघींत सांगत आले होते.

"तू तिथे होतीस," ती म्हणाली. "तुला कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. आज विचारते. मी कान झाकल्यावर आणखी आली का गं?"

खरं माझ्या ओठांवर आलं. शपथेवर सांगते, आलं. खरं बोलले असते तर माझं छप्पन्न वर्षांचं ओझं हलकं झालं असतं. पण हलकं झालेलं ओझं जातं कुठे? ते उचलून मी त्या म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर ठेवलं असतं. तिने कान दाबले नसते तर आबा वाचले असते, हे तिला कळलं असतं, आणि ती या दोरीपाशीच मेली असती. त्या दिवशी गप्प बसायचं नव्हतं तेव्हा मी गप्प बसले. आता निदान नीट खोटं बोलावं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाच."

"नक्की?"

"मी कान झाकले नव्हते, ताई. एकदाच आली."

ती हळूच दगडावर बसली. हात मांडीवर ठेवले, तळवे वर. मान खाली घातली. मला वाटलं रडतेय. पण तिने वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा पंधरा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

"मग तो निरोप होता," ती म्हणाली.

"कसला निरोप?"

"बघ ना. आबांना नियम माहीत नव्हता का? त्यांनीच तर शिकवला. एकदाच हाक मारली म्हणजे मुद्दाम मारली. की मी पलीकडे पोचलोय, शोधायला येऊ नका, घरी जा. आणि मला मारली, कारण मी सांगितलेलं ऐकणारी. तुझं नाव घेतलं असतं तर एकदा काय नि अर्धंमुर्धं काय, तू दोरीखालून घुसून धावत सुटली असतीस."

"मी?"

"नाही तर कोण? आबा नेहमी म्हणायचे, 'थोरलीची मला चिंता नाही. धाकटी माझ्यामागे नरकातसुद्धा येईल, म्हणून तिला डोंगर दाखवायचाच नाही.' दिवसातून दहा वेळा म्हणायचे. आई वैतागायची, म्हणायची, एवढा त्या माकडावर जीव आहे तर गळ्यात बांधून फिरा." ताई माझ्याकडे बघायला लागली. "तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते दिसतंय, असं त्यांना वाटलं असणार.

मी तिथे, त्या बारा गोळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. आबांनी एकदा हाक मारली असो की दोनदा, माझं नाव त्यांनी तोंडातच ठेवलं होतं. बर्फ पडत होतं, ते वर एकटे होते, मरणाच्या दारात होते, आणि तरी त्यांनी निवड केली होती. नऊ वर्षांची पोर वर धावत येऊ नये म्हणून तिला हाक मारायची नाही. त्याचाच मी राग धरला. त्या रागापायी तोंड मिटून घेतलं. कुमाकिची आजोबा काठी घेऊन तयार बसले होते, माझ्या एका शब्दाची खोटी होती. हे आता मला कुणाला सांगता येणार नव्हतं, आणि ताईला तर कधीच नाही.

"आता कशाला रडतेस?" ताई म्हणाली. "तेव्हा तर टिपूस काढलं नव्हतंस."

"थंडीने होतंय."

"थंडीने म्हणे." तिने बाहीने माझं नाक पुसलं, जोरात, लहानपणी पुसायची तसं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, झगा झटकला आणि रानाकडे पाठ केली. "चल. मोठं बर्फ सांगितलंय म्हणालीस ना? मुळ्याच्या लोणच्याची बरणी तेवढी मी मांडीवर घेईन. मागे ठेवली तर सांडेल."

छप्पन्न वर्षांनी ती अंधार पडायच्या आत घरी चालली होती, आणि माझ्यापेक्षा झपाझप.

एका तासात तिने घर आवरलं. दोन गाठोडी, देव्हाऱ्यातल्या आई-आबांच्या नावाच्या स्मृतिपाट्या, लोणचं. शेजारच्या म्हाताऱ्याला कोंबड्या दिल्या. घाट उतरायच्या आतच तिला झोप लागली. बरणीला मिठी मारून, तोंड उघडं टाकून, बारीक घोरत. वाटेत बर्फ आलं, दोनदा गाडी घसरली, बोगद्यात ट्रकने कान किटवणारा भोंगा वाजवला, पण तिच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. सेनदाई येईपर्यंत ती अशीच गाढ झोपून होती. मी जागी होते. गाडी मला चालवायची होती.